पाणी मारणारी गयाबाई

या, अशा जवळ या. दारात उभं राहून काय बोलता? मला आता लांबचं ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगायचा दम उरला नाही. आणि आधी एक सांगा, आत्ता गल्लीतून येताना कोपऱ्यावरच्या चेंबरच्या झाकणावरून गाडी घातली ना? घातलीच असणार. सगळेच घालतात. इतकी वर्षं संभाजीनगरात राहता, पाण्याच्या नावानं बोटं मोडता, पण तुमचं पाणी ज्याच्या खालून येतं ते सिमेंटचं झाकण एकदा वाकून बघितलं नाही. त्याला कुलूप असतं हेसुद्धा ठाऊक नसंल. रागावत नाही मी. ती झाकणं करायच्या कारखान्यात आठ वर्षं घमेली उचलली म्हणून मला ठाऊक, नाहीतर मीही तुमच्यासारखीच वरून गेले असते.

बसा. गयाबाईचं सांगते. तिची जन्मापासूनची कथा मला येत नाही. नवरा कधी गेला, गाव कोणतं, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सिल्लोडला दिलेली एक लेक होती आणि इथं भाड्याची एक खोली होती, एवढंच ठाऊक. बाकी जे आहे ते कामावरचं.

कारखाना म्हणजे काय, दौलताबादच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड, पुढं मोकळी जागा, वाळूचा ढीग आणि रांगेनं मांडलेले साचे. पूर्वी चेंबरवर लोखंडी झाकणं असायची. ती भंगारात जायला लागली. मग साधी सिमेंटची आली, तर दोघंजण पहार घालून ती उचलायचे, आत आपला पाईप सोडायचे, नाहीतर कचरा टाकायचे. शेवटी कुलपाची निघाली. झाकणाच्या एका कोपऱ्यात लोखंडी पेटी, तिच्यात कुलूप, आणि ते फिरवायला हातभर लांबीची चावी, वर आडवी मूठ असलेली. ती चावी फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाकडं.

या सगळ्यात गयाबाईचं काम एकच. पाणी मारणं. झाकण साच्यातून काढलं की त्याला रोज पाणी पाजावं लागतं, एकवीस दिवस. नाही पाजलं तर वरून दगड दिसतो आणि आत भुगाच राहतो. कुलपाच्या पेटीभोवतीची कड तर फार नाजूक, तिथं सिमेंट जेमतेम तीन बोटं जाड. सगळा जोर तिथंच येतो.

बाई बारकी होती. हाताला कायम भेगा. डावखुरी. झाकणांच्या रांगेत शिरायच्या आधी चप्पल काढून ठेवायची. ऊन असो, थंडी असो, अनवाणी. झाकणांवर ओला बारदाना अंथरायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ भिजवायची. संध्याकाळी गेरूचा खडा घेऊन प्रत्येक झाकणाच्या कडेला एक रेघ ओढायची. डाव्या हाताची रेघ, सगळ्या एका बाजूला कललेल्या, वाऱ्यानं ज्वारी कलावी तशा. एकवीस रेघा झाल्या की मधल्या बोटाच्या पेरानं झाकणावर ठोकायची, कान खाली न्यायची. आवाज पटला तर म्हणायची, "पिकलं." नाही पटला तर बारदाना पुन्हा वर.

माझा पहिला दिवस. दुपारी भाकरी सोडायला मी समोरच्याच एका झाकणावर बसले. गार लागलं म्हणून बसले. ही लांबून आली, हातात पाईप.

"ऊठ."

"काहून? मोकळंच हाय की."

"बाळंतिणीच्या पोटावर बसती का? कालच साच्यातनं निघालीय ती. ऊठ आधी."

मी उठले. तेव्हापासून ती झाकणं तिच्या तोंडी बाळंतिणीच राहिली. कोणी लवकर हलवायला आलं की म्हणायची, "अजून बारसंसुद्धा झालं नाय, कुठं नेता तिला?" मला ती सकाळी "जयभीम" म्हणायची, मी "रामराम" म्हणायचे, आणि मग दिवसभर आम्हाला वेगळं काही म्हणायची गरज पडायची नाही. चहा मात्र दोघी एकाच कपबशीतून प्यायचो, कारण कप एकच होता आणि त्याचाही कान तुटलेला.

कुलपाच्या पेट्या बनवायचे शफीकभाई. वेल्डिंग करायचे, बोलायचे फार. शेडमागं एक नमुन्याचा खड्डा होता, झाकण बसवून कुलूप फिरवून बघायला. उन्हाळ्यात शफीकभाई आपला डबा त्या खड्ड्यात ठेवायचे, गार राहतो म्हणून. एके दिवशी नवं कुलूप तपासलं, झाकण लावलं, चावी फिरवली, आणि चावी सुपरवायझर पवारसाहेबांनी गाडीत टाकून नेली शहरात. डबा आत. शफीकभाईंनी पहार लावली, हातोडा लावला, पेटीला शिव्या दिल्या. काही झालं नाही.

"क्या गयाबाई, हसती कायकू? भूखा मरूं क्या मैं?"

"हसू नाय तर काय. तुमचं कुलूप पास झालं भाई. मव्हं झाकणबी पास झालं. आता दोन घास माझ्यातले खावा."

तिच्या डब्यात भाकरी आणि लाल ठेचा. शफीकभाईंनी डोळ्यातून पाणी काढत खाल्लं आणि नंतर कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं, कुलूप तर नाहीच तुटलं, पण गयाबाईच्या ठेच्यानं माझी पेटी फुटली. तीही ऐकून घ्यायची. एरवी फार हसणारी नव्हती.

खरं दुखणं होतं पाण्याचं. बघा ना, पाण्याची झाकणं करायला पाणी नाही. आपल्या नळाला आठ दिवसांनी पाणी, मग कारखान्याला कुठून येणार? टँकर यायचा, कधी यायचा नाही. आणि गयाबाईचा हट्ट, पाणी चांगलंच पाहिजे. एका उन्हाळ्यात पवारसाहेबांनी शेजारच्या गाड्या धुवायच्या जागेवरून पाणी वळवलं. ड्रम भरून ठेवला. साबणाचा फेस वर तरंगत होता.

गयाबाईनं ड्रमात तांब्या बुडवला आणि साहेबांपुढं धरला.

"प्या."

"बाई, हे प्यायचं पाणी आहे का?"

"तुमी पीत नाय तर तिला कामून पाजता?"

"ती सिमेंट आहे, गयाबाई."

"व्हय. म्हणून तिला बोलता येत नाय."

वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या वरही कोणी होतं, त्याच्याही वर कोणी होतं. त्या दिवशी ड्रम ओतून दिला. पण दर वेळी ओतून देता येईल अशी त्याची परिस्थिती नव्हती, हे मला नंतर कळलं.

आता मूळ गोष्ट. ती सांगायलाच तुम्हाला बसवलंय, आणि मला तीच सांगायचा कंटाळा येतो.

आमच्याच भागातल्या टाकीसाठी आणि रस्त्यांसाठी अकरा झाकणांचं काम आलं. तीन टाकीच्या आवारात, आठ रस्त्यावरच्या चेंबरवर. पाणी खात्याच्या इंजिनीअर मॅडमना गयाबाईची पद्धत माहीत होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, एकवीस रेघा बघूनच झाकणं घेणार. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, गेरूवर होता.

आणि नेमका टँकर बंद पडला. आज येतो, उद्या येतो. झाकणं साच्यातून निघून एकवीस दिवस झाले तरी रेघा नऊच. गयाबाई पाण्याविना गेलेल्या दिवसाची रेघ ओढायची नाही.

"बाई, एकवीस दिवस झाले," पवारसाहेब म्हणाले.

"दिवस झाले. पाणी नाय झालं."

"सोमवारी गाडी लागणार आहे. रेघा नसल्या तर मॅडम घेणार नाहीत. आणि मॅडमनी घेतली नाहीत तर मला पाणी मारायला दुसरी बाई बघावी लागेल. मला तसं करायचं नाही, पण करावं लागेल."

"बघा की," ती म्हणाली आणि बारदाना झटकायला लागली.

ती म्हणाली खरं, पण मला तिची खोली माहीत होती. एका माणसाची ती खोली, पत्र्याचा डबा, एक स्टोव्ह. या वयात तिला दुसरं काम कोण देणार होतं? तशातच शनिवारी ती सिल्लोडला गेली, लेकीच्या बाळाचं बारसं होतं. जाताना मला म्हणाली, "कमळे, टँकर आलाच तर भिजव. रेघ मी आल्यावर वडीन." गेरूचा खडा नेहमीच्या जागी, खिडकीत.

टँकर आला नाही. सोमवारी सकाळी गाडी आली. पवारसाहेब एकदा माझ्याकडं बघून शेडात निघून गेले. मी गेरू उचलला. अकरा झाकणं, प्रत्येकावर बारा रेघा. बसून, घाईघाईनं, पण नीट मारल्या. मला वाटलं, मी तिचं काम वाचवतेय. खरंच तसं वाटलं होतं. आजही खोटं सांगत नाही.

मंगळवारी ती आली. हातात बारशाचे पेढे. रिकाम्या जागेपुढं उभी राहिली.

"किती रेघांवर गेली?"

"एकवीस," मी म्हणाले.

तिनं मला पेढा दिला आणि निघून गेली. दुपारी परत आली. टाकीवर जाऊन आली होती चालत. माझ्याजवळ बसली, पायाचे तळवे चोळत.

"कमळे, तुझ्या रेघा लई सरळ हायत गं. शाळंत गेली असतीस तर अक्षर चांगलं आलं असतं."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडून भिजत नाय ते. उठ, डबे बघ घरात कुठले रिकामे हायत. नऊ खऱ्या हायत. बारा राहिल्या. त्या बारा आता रस्त्यावर करू."

आणि केलं तिनं ते. पहाटे कामावर यायच्या आधी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. दोन हातात दोन डबे, खांद्यावर ओला बारदाना. चेंबरवर बसवलेल्या झाकणावर बारदाना अंथरायचा, चार कोपऱ्याला चार दगड, वर पाणी. रिक्षावाले ओरडायचे, म्हातारे, मरायचं का? ती हात वर करून म्हणायची, "कडंकडंनं जा, बाबा. कच्चं हाय." पाणी तिच्या खोलीतलं. तिचं संपलं की माझ्या घरचं. आठ दिवसांनी आलेलं पाणी मी रस्त्यावर ओतायला नेते म्हणून माझी सून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचंही चूक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बघतो तर शाळेच्या वळणावरच्या झाकणावर, आमच्या ओल्या बारदान्यावर कोणीतरी हळदकुंकू वाहिलेलं. झेंडूची दोन फुलं. शेजारी एक बाई हात जोडून उभी.

"मावशी, कोणत्या देवाचं हाय हे?" तिनं विचारलं.

गयाबाईनं फुलं उचलून दगडावर ठेवली. "देवाचं नाय बाई. मी देव मानत नाय. सिमेंट हाय. तुला काय वाहायचंच असंल तर तांब्याभर पाणी वहा."

आणि खरंच त्या बाईनं दुसऱ्या दिवसापासून एक तांब्या आणून ओतला. रोज. काय समजून ओतत होती कोण जाणे.

पण टाकीच्या आवारातली तीन झाकणं रोज उघडायची होती. तिथली चावी दिवसातून दोनदा फिरायची. चौथ्या दिवशी एकाची पेटीजवळची कड तडकली. संध्याकाळपर्यंत तिन्हींना केसासारखी चीर. पाणी सोडणाऱ्या माणसानं मॅडमना फोन लावला. आम्ही तिथंच होतो, डबे घेऊन.

मॅडम तरुण होत्या, पण समजदार. खाली बसल्या, चीर बघितली, मग रेघा बघितल्या. नऊ कललेल्या, बारा सरळ. मग विचारलं, "गयाबाई, या रेघा कोणी मारल्या?"

मी तोंड उघडणार होते. उघडणार होते असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतेय. तेवढ्यात गयाबाई म्हणाली, "मी."

"सगळ्या?"

"हात दुखत होता. उजव्यानं मारल्या बारा."

मॅडमना कळलं असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, अकराही काढावी लागतील. तेव्हा मात्र गयाबाई हात जोडून बोलली. एवढ्या वर्षांत मी तिला कोणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं.

"ही तीन फोडा. माझ्यापुढं फोडा. पण रस्त्यावरच्या आठांची चावी आठ दिवस फिरवू नका. मी पाजती त्यांना. नवव्या दिशी तुमी स्वतः ठोकून बघा. आवाज नाय पटला तर तीबी फोडा."

तीन झाकणं घणानं फोडली. ती बघत उभी राहिली. आत भुगाच होता.

दुसऱ्या दिवशी पवारसाहेबांनी तिला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. चप्पल घातली आणि गेली. मी संध्याकाळी खोलीवर गेले, म्हणाले, मी जाऊन खरं सांगते. तर म्हणते कशी, "सांगून काय व्हतं? मला परत घेतेत का? तुला काढतेत, बास. तुझ्या घरात चार तोंडं हायत. आन् आता डोकं खाऊ नको, डबा भर, चार झाकणं राहिलीत अजून."

काम गेल्यावरही ती आठ दिवस रोज आली. नवव्या दिवशी मॅडम आल्या, आठही ठिकाणी वाकून ठोकलं, चावी फिरवली. आठही टिकली. मॅडम म्हणाल्या, "पिकली, गयाबाई." तिनं डबे माझ्याकडं दिले आणि त्याच आठवड्यात लेकीकडं निघून गेली.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं. माझे गुडघे गेले, माझंही काम सुटलं, आणि एक दिवस मनात आलं म्हणून सिल्लोडची गाडी धरली. जावयानं घराचं काम काढलं होतं, वर स्लॅब नुकताच पडलेला. ती वरच होती. पदर खोचलेला, विहिरीच्या मोटारीचा पाईप हातात.

"जयभीम," मी खालून म्हणाले. पहिल्यांदाच मी तिचं म्हणाले.

"रामराम," ती वरून म्हणाली. "थांब गं, एवढी कड भिजू दे."

मी वाळूच्या ढिगावर तासभर बसले. खाली आली, चहा झाला, नातवाला मांडीवर दिलं. जुनं काही काढलं नाही तिनं. मी निघाले तेव्हा फाटकाशी आली आणि हळूच विचारलं, "ती आठ?"

"हायत."

"कुलपं फिरतेत?"

"फिरतेत," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा सैल झाला, की मला तिथं उभं राहवेना. ती लगेच परत वर गेली. काळीपिवळी जीपमधून वळणावर बघितलं तर स्लॅबच्या कडेला उभी, डाव्या हाताचा अंगठा पाईपाच्या तोंडावर दाबलेला, पाण्याचा पंखा पसरलेला. रस्त्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

आणि मी ती आठ झाकणं वर्षभरात एकदाही बघितली नव्हती. तोंडाला आलं ते बोलले.

आल्यावर दुसऱ्या दिवसापासून निघाले. रोज एक. काठी टेकत जायचं, रस्त्यात वाकायचं, लोक गाड्या थांबवून शिव्या देतात त्या ऐकायच्या, पेटीची कड बोटानं चाचपायची. नव्या पाणीवाल्याला हातापाया पडून चावी फिरवायला लावायची. सात झाली. सातही धड आहेत. एकाची कड ट्रकनं थोडी घासलीय, पण कुलूप फिरतं.

आठवं सापडत नाही. शाळेच्या वळणावरचं. तिथं नव्या पाईपलाईनसाठी रस्ता खणला, मग वरून डांबर टाकलं. झाकण खाली आहे, की काढून कुठं टाकलं, की फुटलं, कोणालाच सांगता येत नाही. काठीनं ठोकून बघितलं, पण डांबराखालचा आवाज मला कळत नाही. तिला कळला असता.

लेकीच्या फोनवरून ती अधूनमधून बोलते. विचारत नाही काही. पण विचारलं तर या खेपेला मला बघून सांगायचंय.

माझे गुडघे आता कोपऱ्याच्या पुढं नेत नाहीत. तुमच्याकडं गाडी आहे, डोळे चांगले आहेत, पाणी खात्यात ओळखी असतील. मला पाठीमागं बसवून तेवढ्या वळणापर्यंत न्या. म्हणून म्हणते, आता आलात तसं घाईत नको, वेळ काढून या, अर्ध्या तासाचं काम नाही ते. आणि लवकर या. आमच्या गल्लीत नळ बुधवारी येतो, तेवढा बुधवार सोडून कधीही या.